रुजवणे, बिंबवणे, बाणवणे: मूल्यांची क्रियापदे नेमकी कशी वापरायची

‘शाळेने विद्यार्थ्यांना चांगली मूल्ये रुजवली.’ अहवालांत, भाषणांत, निरोपाच्या मानपत्रांत हे वाक्य या ना त्या रूपात भेटतेच. अर्थ कळतो, तरी कानाला काहीतरी खटकते. ‘विद्यार्थ्यांना’ काढून तिथे ‘विद्यार्थ्यांच्या मनात’ घातले की वाक्य सरळ होते. ‘शाळेने विद्यार्थ्यांना गणित शिकवले’ हे मात्र जसेच्या तसे बरोबर आहे. दोन्ही वाक्यांत शाळा काहीतरी देते आहे आणि मुले घेत आहेत. मग एकात ‘ना’ चालतो आणि दुसऱ्यात का चालत नाही?

उत्तर मूळ क्रियापदात आहे. ‘शिकवणे’ हे ‘शिकणे’पासून झालेले प्रयोजक क्रियापद, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया घडवून आणणारे. शिकण्याची क्रिया कोण करते? मुले. ‘मुले गणित शिकतात’ या वाक्यात मुले कर्ता आहेत. शिक्षक आला की तो कर्त्याच्या जागी बसतो आणि मुलांना ‘ना’ लागून ती बाजूला सरकतात. आता ‘रुजवणे’ पाहू. त्याचे मूळ ‘रुजणे’. रुजते कोण? मुले रुजत नाहीत, मूल्ये रुजतात. ‘मूल्ये मुलांच्या मनात रुजतात’ या वाक्यात मुले कर्ता नव्हतीच, ती पहिल्यापासून जागा होती. शिक्षक आला तरी त्यांची जागा हलत नाही. ‘शिक्षकांनी मुलांच्या मनात मूल्ये रुजवली.’ ‘मुलांमध्ये’ म्हणा, ‘मनात’ म्हणा, ‘घरात’ किंवा ‘समाजात’ म्हणा, पण ‘ना’ नको.

व्याकरणाचा हा एवढासा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एक मोठी गोष्ट दडली आहे. मराठीत मूल्यांसाठी जी नेमकी क्रियापदे आहेत, त्यातली बहुतेक जोडीने येतात. रुजणे आणि रुजवणे, बिंबणे आणि बिंबवणे, ठसणे आणि ठसवणे, बाणणे आणि बाणवणे, भिनणे आणि भिनवणे, मुरणे आणि मुरवणे. जोडीतले पहिले क्रियापद आपोआप घडणाऱ्या गोष्टीचे, दुसरे ती घडवून आणण्याच्या खटपटीचे. त्यामुळे ‘आम्ही मूल्ये रुजवली, पण ती रुजली नाहीत’ हे वाक्य मराठीत अगदी सहज बोलता येते. रुजवणारा आपले काम करतो, रुजणे न रुजणे त्याच्या हातात पुरते नसते, आणि ही कबुली आपल्या भाषेने क्रियापदाच्या घडणीतच ठेवली आहे. म्हणून असे कुठलेही वाक्य लिहून झाले की त्यातले ‘व’ काढून पाहावे. ‘वाचनाची आवड रुजवली’ असे लिहिले असेल, तर ‘वाचनाची आवड रुजली’ असे छातीठोकपणे म्हणता येते का? येत नसेल, तर खरे वाक्य ‘रुजवण्याचा प्रयत्न केला’ हे आहे आणि तेच लिहावे.

प्रत्येकाचा स्वभाव वेगळा

ही क्रियापदे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. शब्दकोशातही एकाचा अर्थ म्हणून दुसरे दिलेले असते. पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत आणि लिहिताना तो फरक राखला तर वाक्याला धार येते.

‘रुजवणे’ शेतातून आले. बी टाकणे म्हणजे पेरणे, त्याला मोड येऊन ते जमीन धरू लागणे म्हणजे रुजणे. पेरणी एका दिवसात होते, रुजण्याला काळ लागतो. म्हणून ‘त्यांनी तासाभराच्या भाषणात श्रमप्रतिष्ठा रुजवली’ हे वाक्य पटत नाही. तासाभरात विचार पेरता येतो, मुद्दा ठसवता येतो, रुजवता काहीच येत नाही. या क्रियापदाला ‘हळूहळू’, ‘वर्षानुवर्षे’, ‘पिढ्यान्‌पिढ्या’ असे शब्द शोभतात आणि ‘रुजवत गेले’, ‘रुजवत राहिल्या’ अशी चालू रूपे त्याच्या तोंडी छान बसतात. व्यक्तीपेक्षा मोठ्या जागेसाठीही ते चालते. लोकशाही समाजात रुजते, एखादा खेळ गावात रुजतो, नवी कल्पना भाषेत रुजते.

‘बिंबवणे’मध्ये बिंब आहे, तेच जे सूर्यबिंबात आणि प्रतिबिंबात दिसते. मनाच्या पृष्ठभागावर एखादी प्रतिमा उमटवायची, पुन्हा पुन्हा दाखवून ती पुसट होऊ द्यायची नाही, असा त्याचा भाव आहे. म्हणून ते ‘मनावर’ बिंबवतात, ‘मनात’ कमी वेळा. वारंवार सांगणे हा बिंबवण्याचा प्राण आहे. ‘स्वच्छतेचे महत्त्व मनावर बिंबवले’ म्हटले की कुणीतरी ते अनेकदा, न कंटाळता सांगितल्याचे डोळ्यांसमोर येते. इथेही तीच चूक होते. ‘मला लहानपणापासून हे बिंबवले गेले’ असे सध्या पुष्कळ जण लिहितात. ‘माझ्या मनावर हे लहानपणापासून बिंबवले गेले’ हे नीट.

‘ठसवणे’ त्याचाच सख्खा भाऊ, पण घाईचा. ठसा एका दाबात उमटतो. एखादा प्रसंग, एखादे उदाहरण, एक नेमके वाक्य एवढ्यानेही गोष्ट मनावर ठसू शकते. म्हणून ‘मुद्दा ठसवला’ म्हणतात, ‘मुद्दा रुजवला’ म्हणत नाहीत.

‘बाणवणे’ यांच्यात सगळ्यांत वेगळे आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर. ते मनाशी थांबत नाही, ‘अंगी’ बाणते. हा ‘अंगी’ जुन्या सप्तमीचा, ‘घरी’, ‘दारी’, ‘मनी’ यांच्या कुळातला. ‘अंगात’ म्हटले की ताप आठवतो, गुणांसाठी भाषेने ‘अंगी’ राखून ठेवले आहे. ‘बाणवणे’ची खरी गंमत कर्त्यात आहे. ‘तिने शिस्त अंगी बाणवली’ असे वाचले की कुणाच्या अंगी हा प्रश्नच पडत नाही. तिच्याच. ‘तिने मनात शिस्त रुजवली’ असे लिहून पाहा, वाचणारा लगेच विचारतो, कुणाच्या मनात? बाणवणे हे मुळात स्वतःसाठी करायचे काम आहे. ‘गुरूंनी शिष्यांच्या अंगी शिस्त बाणवली’ असेही म्हणता येते, पण तेव्हा ‘शिष्यांच्या’ हा शब्द मुद्दाम घालावा लागतो. शिवाय बाणलेली गोष्ट वागण्यात दिसावी लागते. प्रामाणिकपणाचे महत्त्व मनावर बिंबलेला माणूस खोटे बोलू शकतो, त्याला फक्त त्याची टोचणी लागेल. प्रामाणिकपणा ज्याच्या अंगी बाणला आहे, त्याला खोटे बोलणे जमतच नाही.

‘भिनणे’ आणि ‘मुरणे’ आणखी आत जातात, पण त्यांना बरेवाईट कळत नाही. विष भिनते, सूर भिनतो, द्वेषही भिनतो. तसे पाहिले तर ‘रुजवणे’लाही कळत नाही. संशय रुजवता येतो, अंधश्रद्धा रुजवता येते. क्रियापद चांगले आहे म्हणून रुजवलेली गोष्ट चांगली ठरत नाही, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

संस्कार करणे आणि संस्कार होणे

आता या विषयातला सगळ्यांत वजनदार शब्द. ‘संस्कार’ आज आपण जवळजवळ ‘चांगले वळण’ या एकाच अर्थाने वापरतो, पण त्याच्या पोटात फार जुने आणि फार बारीक विचार आहेत. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या ‘विमानस्थान’ या भागात त्याची व्याख्या येते: ‘संस्कारो हि गुणान्तराधानमुच्यते’. पदार्थात मुळात नसलेला गुण आणणे म्हणजे संस्कार. पाण्याचा स्पर्श, अग्नी, घुसळणे, भावना देणे (म्हणजे रसात भिजवून मुरवणे), काळ जाऊ देणे, अशा प्रक्रियांनी द्रव्याचा गुण बदलतो, हा तिथला मुद्दा. वैद्य आहाराबद्दल बोलतो आहे, पण माणसाबद्दलही याहून नेमके सांगणे कठीण आहे.

न्याय-वैशेषिक या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानात संस्कार हा चोवीस गुणांपैकी एक, आणि त्याचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे एकदा ढकललेली वस्तू पुढे जात राहते ते. भावना म्हणजे अनुभवातून जन्मणारी आणि पुढे स्मृतीचे कारण होणारी खूण. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली वस्तू सोडताच पुन्हा मूळ आकाराला येते ते. हे तीन प्रकार एका शब्दाखाली आणणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. लहानपणीचे वळण पुढे आयुष्यभर आपल्याला ढकलत राहते, आठवणीच्या रूपाने मनात राहते, आणि परिस्थितीने कितीही वाकवले तरी संधी मिळताच माणसाला मूळ ठिकाणी आणते. वाईट वळणही तेच करते, म्हणून ते मोडायला इतके जड जाते.

या शब्दाचे क्रियापद ‘करणे’, आणि ज्याच्यावर होतो त्याला ‘वर’. ‘मुलांवर चांगले संस्कार केले.’ अलीकडे ‘मुलांना संस्कार दिले’ फार ऐकू येते. ते इतके पसरले आहे की चूक म्हणून खोडण्यात अर्थ नाही, पण मी ते वापरत नाही. दिलेली वस्तू देणाऱ्याकडून निघून घेणाऱ्याच्या हातात पडते आणि व्यवहार संपतो. संस्कार तसा हातात पडत नाही. तो पदार्थाचा गुण बदलतो, चरकाचे म्हणणे हेच आहे. विशेषणाचेही तसेच. ज्याच्यावर नीट संस्कार झाले तो मराठीत ‘सुसंस्कृत’. ‘संस्कारी’ हा शब्द आता रुळला असला तरी त्याचा रोख बराचसा वडीलधाऱ्यांचे ऐकण्यावर असतो. ‘सुसंस्कृत’मध्ये विवेक, वाचन, दुसऱ्याच्या मताचा आदर हे सगळे येते. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले तर हा फरक हातचा जाईल.

‘संस्कार’ची जोडी ‘करणे’ आणि ‘होणे’. ‘त्याच्यावर तसे संस्कार झाले’ या वाक्यात करणारा दिसत नाही, आणि बऱ्याच वेळा तो खरोखरच नसतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी 1961 मध्ये स्टॅनफर्डमध्ये केलेला प्रयोग याचे उत्तम उदाहरण आहे. बालवाडीच्या वयाची 72 मुले त्यात होती. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला मारझोड केली, काहींसमोर तो माणूस शांतपणे खेळत राहिला, आणि काहींनी कुणालाच पाहिले नाही. नंतर मुलांना बाहुलीजवळ सोडल्यावर मारझोड पाहिलेल्या मुलांनी तीच मारझोड, बरेचदा तेच शब्द, जसेच्या तसे उचलले. त्यांना कुणी शिकवले नव्हते, काही बिंबवले नव्हते. त्यांच्यावर संस्कार झाला होता. आपल्याकडे याला ‘कित्ता गिरवणे’ असा नेमका वाक्प्रचार आहे: समोर जे अक्षर आहे त्यावरून हात फिरवत राहायचे. घरातले मोठे तोंडाने जे सांगतात तो झाला सुविचार, वागतात तो कित्ता.

जिथे क्रियापद बदलते तिथे नियतही बदलते

‘साक्षीदाराला पढवले’ असे आपण म्हणतो, कारण तो जे बोलणार आहे ते त्याचे नाही. ‘पढवणे’मध्ये पोपट आहे. त्याचे मूळ ‘पढणे’ आता बोलण्यात फारसे उरले नाही. ‘पढीक’ आणि ‘पढतमूर्ख’ एवढ्या शब्दांत ते दिसते. समर्थ रामदासांनी दासबोधात दुसऱ्या दशकाचा दहावा समास पढतमूर्खाच्या लक्षणांना दिला आहे. खूप वाचले, सगळे मुखोद्गत केले, पण अंगी काही बाणले नाही असा तो माणूस. ‘डोक्यात भरवणे’, ‘कान भरणे’ हेही याच घरातले. ‘लादणे’ तर उघडच आहे. ओझे लादतात, आणि त्याला आपोआप घडणारे जोडीदार क्रियापद नाही. मूल्य रुजते, ठसते, बाणते, पण ‘आपोआप लादले’ अशी गोष्टच नसते. इथे एक इशारा: हिंदीच्या नादाने ‘मुलांवर मते थोपवू नका’ असे लिहिले जाते. मराठीत थोपवणे म्हणजे अडवून धरणे. शत्रूला थोपवतात, पूर थोपवतात. इथे हवा तो शब्द ‘लादू नका’.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणूस बाहेरचा नियम आपलासा कसा करतो याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर तो शिक्षेच्या भीतीने किंवा बक्षिसासाठी वागतो. दुसऱ्या पायरीवर बाहेर कुणी नसते, पण न केल्यास अपराधी वाटेल, लाज वाटेल म्हणून वागतो. तिसरीवर त्याला त्या वागण्याचे महत्त्व पटलेले असते. आणि शेवटच्या पायरीवर ते मूल्य त्याच्या बाकीच्या सगळ्या विचारांशी एकजीव झालेले असते, वेगळे काढून दाखवता येत नाही. हे वाचताना मला आपली क्रियापदेच दिसू लागली: लादले, बिंबवले, पटले, बाणले. त्यांच्या मांडणीत दुसरी पायरी स्थिर मानलेली नाही, कारण तिथे माणूस स्वतःवरच पहारा देत असतो. म्हणून ‘बिंबवणे’ हे शेवटचे क्रियापद समजू नये. त्यानंतर ‘पटवून देणे’ यावे लागते, आणि पटण्यासाठी समोरच्याला प्रश्न विचारायची मुभा असावी लागते.

प्रश्नांवरून वैज्ञानिक दृष्टिकोन आठवला. महाराष्ट्रातल्या शाळांच्या मूल्यशिक्षणात जी दहा मूल्ये येतात त्यांत तो आहे. शिवाय वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता अशी इतर मूल्ये. ही सगळी एका दमात ‘रुजवणे’ला जोडली जातात, पण त्यांची जात एक नाही. वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा या सवयी आहेत, आणि सवयीसाठी मराठीत साधे, भक्कम ‘लावणे’ आहे. सवय लावतात, शिस्त लावतात, वळण लावतात, गोडी लावतात. संवेदनशीलता जागवावी किंवा जोपासावी लागते, कारण ती थोडीफार मुळात असतेच. स्त्री-पुरुष समानता रुजवावी लागते, आणि अनेकदा आधी रुजलेले काही उपटावेही लागते. वैज्ञानिक दृष्टिकोन मात्र ‘बिंबवला’ असे म्हणू नये. तपासल्याशिवाय मानू नका हे तपासू न देता मनावर बिंबवणे म्हणजे त्या दृष्टिकोनालाच हरताळ फासणे. राज्यघटनेच्या कलम 51-क मध्ये, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांत, या दृष्टिकोनाच्या बाबतीत भाषा विकासाची आहे, आणि कर्ता आहे प्रत्येक नागरिक. कुणी दुसऱ्याने येऊन तो आपल्यात रुजवावा असे तिथे म्हटलेले नाही. ज्याचा त्याने विकसित करायचा, म्हणजे ‘बाणवणे’सारखेच झाले.

घटनेच्याच संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 4 नोव्हेंबर 1948 चे संविधान सभेतले भाषण आठवावे. संवैधानिक नैतिकता ही उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते, असे ते म्हणाले, आणि भारतातली लोकशाही हा मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या मातीवरचा वरवरचा थर आहे असा इशारा त्यांनी दिला. मूळ भाषण इंग्रजीत आहे, पण त्यातला विचार ‘रुजणे’च्या रानातलाच आहे. नुसते वर पसरून भागत नाही, मुळे खाली गेली पाहिजेत.

भाषांतर करणाऱ्यांसाठी

इंग्रजीतल्या ‘इनकल्केट’साठी मराठी काय, हा प्रश्न वारंवार येतो. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली टाच आहे: पायाने तुडवून आत घट्ट बसवणे. पुन्हा पुन्हा सांगून पक्के करणे हा त्याचा गाभा, म्हणून सर्वांत जवळचे ‘बिंबवणे’. ‘इन्स्टिल’मध्ये थेंब आहे, थेंबाथेंबाने आत सोडणे. तिथे ‘रुजवणे’ किंवा ‘हळूहळू भिनवणे’ जवळचे. ‘इन्डॉक्ट्रिनेट’ला आज इंग्रजीत वाईट वास आहे, त्यामुळे तिथे ‘पढवणे’ किंवा ‘डोक्यात भरवणे’ घ्यावे, ‘संस्कार करणे’ घेतले तर अर्थ उलटा होईल. ‘इनकल्केट’मध्येही मूल्य हे कर्म आणि माणूस ही जागा असते, म्हणजे रचना आपल्यासारखीच आहे. तरी भाषांतरात ‘मुलांना’ येतो, कारण ‘शिकवणे’ची सवय हाताला पडलेली असते.

इंग्रजी परिपत्रकांवरून मराठीत उतरलेली आणखी एक रचना म्हणजे ‘विद्यार्थ्यांमध्ये मूल्ये रुजवण्यात यावीत’. व्याकरण ठीक, पण कुणी रुजवायची हे वाक्यातून गायब. वर्गशिक्षकांनी, पालकांनी, मुख्याध्यापकांनी की सगळ्यांनी मिळून? जिथे करणारा ठाऊक आहे तिथे त्याला ‘नी’ लावून वाक्यात आणावा. ‘वर्गशिक्षकांनी रुजवावीत’ म्हटले की कुणाला काय करायचे ते कळते.

नामाबद्दल थोडे. ‘रुजवणे’चे नाम ‘रुजवण’ किंवा ‘रुजवणूक’. त्या जागी ‘रुजुवात’ पुष्कळदा लिहिले जाते, ‘लोकशाहीची रुजुवात’, ‘नव्या विचारांची रुजुवात’, आणि ते ‘रुजणे’वरूनच आले असावे असे वाटते. पण तो शब्द वेगळ्या घरचा. ‘नोकरीवर रुजू होणे’मधला ‘रुजू’ अरबीतून आला, आणि ‘रुजुवात’ त्याच्याच नात्यातली. तिचा जुना अर्थ ताळा घेणे, हिशेब किंवा कागद समोरासमोर ठेवून पडताळणे असा आहे. नवा अर्थ आता इतका चालतो आहे की कदाचित तोच टिकेल. मात्र जुन्या दप्तरात किंवा हिशेबाच्या कागदात ‘रुजुवात घातली’ असे आढळले, तर तिथे काही रुजवलेले नाही, आकडे पडताळले आहेत, असे समजावे.